दुपार बसायला येणारी बाई

"नोकरी काय करता?" असं कोणी विचारलं की मी सांगायची, "लोकांच्या घरी दुपारी जाऊन बसते." समोरचा माणूस हसायचा. मग मी पुढे सांगायची की पगार मिळतो, पीएफ कापला जातो आणि बसण्यात हयगय केलेली साहेबांना चालत नाही. तेव्हा तो आणखी हसायचा. आता मी निवृत्त होऊन घरी बसले आहे, फुकट, आणि हसायला कोणी विचारायलाही येत नाही.

आमची कंपनी जळगावची. नाव 'ओसरी'. काम एवढंच, की लोकांची घरं उन्हाळ्यात कमी तापावीत आणि विजेचं बिल उतरावं. बाहेरगावच्या वाचकांना आमच्या उन्हाची कल्पना यायची नाही म्हणून सांगते. वैशाखात आमच्याकडे दुकानदार जेवायला घरी जातात ते ऊन कलल्याशिवाय परतत नाहीत, आणि त्यांना कोणी गिऱ्हाईक शिव्याही देत नाही, कारण गिऱ्हाईकही घरीच असतं. पण घरात तरी सुख कुठे? डोक्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते घरात सोडत राहतो. लोक कूलर लावतात आणि थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या गच्च बंद करतात. कूलरला आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट लागते. ती नसली की घराची नुसती वाफ होते, अंगाला चादर चिकटते, आणि घरधनी म्हणतो, कूलर छोटा पडतोय, मोठा आणू. आमचा निम्मा धंदा या एका गैरसमजावर चालला.

कंपनी सुरू केली हेमंतने. आमच्याच गल्लीतला मुलगा, वीजकामातला इंजिनिअर. एका कारखान्यातली बरी नोकरी सोडून वडिलांच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत टेबल टाकून बसला, तेव्हा गल्लीने त्याची कीव केली होती. मी त्या वेळी माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायची. उन्हाळ्यात मुली यायच्या नाहीत, क्लास बंद ठेवावा लागायचा. हेमंत म्हणाला, "ताई, पहिला प्रयोग तुमच्या पत्र्यावर करतो, बिघडलं तर शेजारधर्म म्हणून सोडून द्या." त्याने पत्र्याला वरून चुना आणि पांढऱ्या सिमेंटचे हात मारले, खालून जुन्या साड्यांचं छत ताणलं आणि समोरासमोरच्या भिंतींत वर दोन जाळ्या बसवल्या. त्या वर्षी भर मे महिन्यात माझ्याकडे मुली शिवायला बसल्या. कुठल्याही जाहिरातीपेक्षा त्या मुलींच्या आयांनी जास्त काम केलं.

मला नोकरीवर घेण्याचं कारण मात्र वेगळंच होतं. हेमंत पाहणीला तरुण पोरं पाठवायचा. दुपारी घरातले पुरुष कामावर. बायका त्या पोरांना पुढच्या खोलीत खुर्ची देत, पाणी देत आणि मधलं दार लोटून घेत. पोरं पुढच्या खोलीचं मोजमाप करून परत. त्यामुळे कंपनीकडे जळगावातल्या सगळ्या पुढच्या खोल्यांची बित्तंबातमी होती आणि स्वयंपाकघर कुठे तापतं याचा पत्ता नव्हता. हेमंतने डोक्याला हात लावला आणि माडी चढून माझ्याकडे आला.

मी गेले, तर निराळीच अडचण. मी बाई म्हणून आत प्रवेश मिळाला, पण पाहुणी म्हणून. आपल्याकडे पाहुणा आला की घर आपलं वागणंच बदलतं. मी पाऊल टाकलं की बंद कूलर सुरू, आणि त्याचं तोंड माझ्याकडे. सरबत काढायला फ्रिज चार वेळा उघडला जायचा. भर दुपारी माझ्या चहासाठी गॅस पेटायचा, आणि स्वयंपाकघर किती तापतं हे पाहायला गेलेली मी ते स्वतःच तापवून यायची. एका घरी तर माझ्यासाठी आजीबाईंना त्यांच्या गार कोपऱ्यातून उठवून दुसरीकडे बसवलं. मी आणलेले आकडे हेमंतला काही केल्या जुळेनात. शेवटी मी त्याला सांगितलं, "भाऊ, हे आकडे घराचे नाहीत, पाहुणचाराचे आहेत."

त्यातून आमची पद्धत निघाली. काम ठरवण्याआधी त्या घरी एक आख्खी दुपार बसायचं. जेवणं उरकल्यावर जायचं आणि पश्चिमेच्या भिंतीवरून ऊन उतरेपर्यंत हलायचं नाही. चहा निघताना. मी सोबत शिवण न्यायची, कोणाचं तरी ब्लाउज उसवत बसायची. पहिला तासभर सगळे अवघडलेले. मग हळूहळू बाई लसूण सोलायला घेते, कूलर बंद करते, म्हाताऱ्या आपल्या जागेवर परत सरकतात, कोणीतरी दाराला दगड लावतं. कोणती खोली दुपारी ओस पडते, कोण चटई कुठे ओढतं, फ्रिज तापल्या भिंतीला पाठ लावून कसा घरघरतो, हे सगळं तेव्हा दिसतं. बाई पाहुणी राहिली नाही की घर खरं वागायला लागतं. आणि घरातले खरं बोलायला लागतात, त्याला तर काही उपायच नसतो. नवऱ्याचा डोळा कसा आहे, सुनेचं माहेर कसं आहे, हे ऐकून घेणं आमच्या कामात मोडत नव्हतं, पण उठून जाताही येत नव्हतं.

दुसरा नियम हेमंतचा. कूलर, पंखे, एसी विकणाऱ्या कोणाही दुकानदाराकडून दलाली घ्यायची नाही. आम्ही पाहणीचे पैसे घेऊ, छताच्या कामाचे घेऊ, पण अमुक वस्तू घ्या असं सांगताना आमचा त्यात छदामही नसला पाहिजे. त्यामुळे झालं असं, की बाई सांगते म्हणजे खरं, असं लोक धरून चालायला लागले. आमच्याकडे ना कारखाना, ना पेटंट. लोकांचा हा विश्वास तेवढा होता, आणि तो माझ्यासारख्या चारपाच बायकांच्या तोंडावर उभा होता. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि धाकही वाटायचा.

एका कापडाच्या व्यापाऱ्याकडचं सांगते. शेठजींचा मोठा बंगला, चार खोल्यांत एसी बसवायचे म्हणून आमचा सल्ला हवा होता. मी दुपार बसले. सगळं कुटुंब पश्चिमेच्या मोठ्या हॉलमध्ये तळमळत पडलेलं, आणि उत्तरेची खोली, गारेगार, पाहुण्यांच्या गाद्या ठेवायला. कारण टीव्ही हॉलमध्ये होता. मी निघताना म्हटलं, "शेठजी, टीव्ही तिकडच्या खोलीत न्या आणि गाद्या इकडे आणा. एसीचं पुढच्या वर्षी बघू." शेठजी बायकोकडे बघून म्हणाले, "बाईसाहेब दिवसभर आपल्या घरी बसल्या आणि टीव्ही हलवा म्हणून सांगून चालल्या. ये भी कोई सलाह हुई?" पण टीव्ही हलवला. एसी घेतले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या समाजातली इतकी घरं आमच्याकडे आली की हेमंतला धुळ्यात दुसरं ऑफिस काढावं लागलं.

आता आमची फजितीही सांगायला हवी. जळगावात लीलाकाकू म्हणून होत्या. त्यांची गच्ची गल्लीत सगळ्यात मोठी. आम्ही ती पांढरीशुभ्र करून दिली, खालच्या खोल्या खरोखर निवल्या, काकू खूश. पंधरा दिवसांनी काकू गल्लीतल्या बायकांना घेऊन ऑफिसात, हातात परात. परातीत बिबड्या. खानदेशाबाहेर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, बिबडी म्हणजे आमचा ज्वारीचा पापड, उन्हाळ्यात वर्षभराच्या करून ठेवतात. आख्खी गल्ली काकूंच्या गच्चीवर बिबड्या घालायची. वरून ऊन आणि खालून तापलेली फरशी, अशा दोन्ही बाजूंनी त्या वाळायच्या. आम्ही फरशीच गार केली. बिबड्या खालून ओलसर राहिल्या आणि त्यांना वास धरला. काकू हेमंतला म्हणाल्या, "तुझ्या आईने तुला बिबड्या खाऊ घातल्या नाहीत का रे?" बिचारा खाली मान घालून उभा राहिला. तेव्हापासून प्रत्येक गच्चीवर जिन्याच्या डोक्यावरचा एक तुकडा न रंगवता सोडायचा असं ठरलं, कारण त्याच्याखाली कोणी बसत-झोपत नाही. आमच्या कामगारांत त्याला बिबड्यांची पट्टी म्हणत.

धुळ्याचं ऑफिस झाल्यावर मी साक्रीकडच्या गावांत जायला लागले. तिथेच मला अक्का आणि आबा भेटले. साक्रीपासून थोडं आत, वर पत्रा असलेलं विटांचं घर, नवराबायको दोघंच. मुलगा सुरतेला कापडगिरणीत. आबांची एक बाजू लुळी पडलेली, त्यामुळे त्यांची खाट मागच्या खोलीत कायमची. ती खोली भट्टीसारखी तापायची. मुलाने कुठून तरी आमचं नाव ऐकून फोन केला होता.

मी आत जाताच अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली, "बस माय, चहा ठेवस."

मी म्हटलं, "अक्का, चहा जाताना. आधी बसू दे मला."

आबा खाटेवरून मला निरखत होते. थोड्या वेळाने विचारलं, "तू नुसती बसाले उनी का?"

मी हो म्हटलं. त्यांना ते फार आवडलं. त्यांच्याकडे नुसतं बसायला बरेच दिवसांत कोणी आलं नसावं. ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. अक्का ओलं फडकं आबांच्या कपाळावर ठेवत होती आणि ते घटकेत वाळत होतं. आबा एका बाजूच्या तोंडाने गावातल्या एकेकाच्या नकला करून दाखवत होते. मला हसू आवरेना, अक्काही हसत होती, आणि मधूनच पदराने त्यांचा घाम पुसत होती. त्या खोलीला एकच दार होतं. उत्तरेच्या भिंतीपलीकडे मोठा कडुनिंब आणि त्याखाली गार सावली, पण भिंत आंधळी.

मी सांगितलं की भिंतीत वर झरोका पाडायचा आणि पश्चिमेला बांबूची तट्टी उभी करायची. आबा बिघडले. म्हणाले, "घरमा भोक पाडाले लोके पैसा देतस का?" अक्काला वाटलं आता काही हे ऐकत नाहीत. मी पुन्हा एक दुपार जाऊन बसले, फक्त त्यांची समजूत काढायला. हे कंपनीच्या हिशेबात बसत नव्हतं, पण हेमंत असल्या गोष्टींना आडवा यायचा नाही. झरोका झाला. पंधरवड्याने गेले तर आबा गंभीर चेहरा करून म्हणाले, "आते माले रातले गोधडी लागस." मे महिन्यात. अक्का तोंडाला पदर लावून हसली.

निघताना मी अक्काला बजावून सांगितलं. तेव्हा गावोगाव हप्त्यावर एसी विकणारे फिरायला लागले होते. म्हटलं, "कोणी येईल, हे घ्या ते घ्या म्हणेल. मला विचारल्याशिवाय काही घेऊ नका. झरोका तर कोणी काही सांगितलं तरी बुजवू नका." अक्का म्हणाली, "तुले इचारसू ना माय. तू सांगशी तेच करसू." हे मी घरोघर सांगत असे. अक्कासारख्या कितीतरी जणींनी ते मनावर घेतलं होतं.

कंपनी वाढली. टेम्पो आले, छताचं काम करणाऱ्या कामगारांच्या तुकड्या झाल्या, मुक्ताईनगरपासून शिरपूरपर्यंत आमच्या पांढऱ्या गच्च्या दिसायला लागल्या. पण या धंद्याची एक खोड होती. पाऊस पडला की गच्चीवरचं काम बंद. चार महिने कामगार हातावर हात धरून बसायचे. हेमंत त्यांना पावसाळ्यातही काही ना काही देत राहिला आणि स्वतः कर्जात रुतत गेला. चांगले हात दर आषाढात सुरतेची गाडी धरायचे, त्यातले निम्मे परत येत नसत. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून त्याला दोष देण्याआधी थांबते. पुण्याची मोठी कंपनी आली आणि म्हणाली, तुमच्या सगळ्या लोकांना बारा महिने पगार देतो, तेव्हा हेमंतने होकार दिला. मीही त्याच्या जागी तोच दिला असता.

कंपनी विकल्याच्या दिवशी महामार्गावरच्या हॉटेलात जेवण होतं. पुण्याहून रश्मी मॅडम आल्या होत्या. हुशार, गोड बोलणाऱ्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी माझ्या शेजारी बसून माझ्या कामाची सगळी चौकशी केली, आणि मनापासून केली, खोटं कशाला बोलू. मग म्हणाल्या, "ताई, फारच सुंदर आहे हे. पण तुमच्या एका दुपारीत आमचा माणूस दहा घरं करतो. हे मोठ्या प्रमाणावर कसं करायचं, ते आपण शोधू." मी हेमंतकडे पाहिलं. तो ताटातली भाजी इकडची तिकडे करत होता.

वर्षभरात दुपार बसणं बंद झालं. गिऱ्हाईकाने मोबाइलवर खोल्यांचे फोटो पाठवायचे आणि पुण्याहून सल्ला यायचा. फोटो काढायचा म्हणून लोक घर आवरायचे, चटया गुंडाळायचे, आजीबाईंना उठवायचे. म्हणजे घर पुन्हा पाहुण्यासारखंच वागायला लागलं. बिबड्यांची पट्टी गेली, कारण पुण्याच्या नियमात अर्धवट रंगवलेल्या छताला हमी नव्हती. छताचं कामही हळूहळू मागे पडलं. एसी विकला तर कंपनीला जास्त सुटायचं, आणि एसी पावसाळ्यातही विकता येतो. त्या कामगारांना बारा महिने पगार द्यायचा तर तो येणार कुठून, हा प्रश्न रश्मी मॅडमनी मला एकदा विचारला.

मला त्यांनी काढलं नाही. उलट पद दिलं, मोठ्या लांब नावाचं, टेबल दिलं, एसी केबिनही दिली. आयुष्यभर लोकांना एसी नको म्हणून सांगितलं आणि म्हातारपणी त्यात बसून सर्दी धरली. करायला काम काही नव्हतं. मी शिवण न्यायला लागले, तर शिपाई म्हणाला, मॅडम, इथे हे बरं दिसत नाही.

निवृत्तीच्या थोडे दिवस आधी मला एका खोलीत नेऊन माझा आवाज भरून घेतला. जुन्या गिऱ्हाइकांना कंपनी बदलल्याचं कळवायचं आहे, तुमचा आवाज ते ओळखतात, असं सांगितलं. कागदावर चार साधी वाक्यं होती. नमस्कार, मी सुनंदाताई बोलतेय, ओसरीतून. तुमचं घर कसं आहे? यंदा ऊन फार आहे, काळजी घ्या. आमच्याशी बोलायचं असेल तर एक दाबा. यंत्रावर बसलेला मुलगा म्हणाला, "ताई, 'घर कसं आहे' विचारल्यावर जरा थांबा. तिथे थोडी जागा सोडली की माणसाला बरं वाटतं." मी थांबले. नंतर तो आवाज कुठे कुठे गेला, एक दाबल्यावर पुढे कोण काय विकत होतं, हे मला कोणी सांगितलं नाही. मला कळेपर्यंत दोन उन्हाळे उलटून गेले होते.

गेल्या वैशाखात साक्रीला नात्यातलं लग्न होतं. दुपारची पंगत आटोपल्यावर मी रिक्षा करून अक्काच्या गावी गेले. अक्का घरात नव्हती. बाहेर, कडुनिंबाखाली, गोणपाटावर एकटी बसलेली. फार वाळली होती. कपाळावर कुंकू नव्हतं.

तिने मला ओळखलं, हात धरून खाली बसवलं. उठून चहा ठेवायला गेली नाही. मी विचारलं, "एवढ्या उन्हाची बाहेर का बसलीस, अक्का?"

"घरमा बसवस नही माय," ती म्हणाली.

मी आत जाऊन पाहिलं. मागच्या खोलीत एसी लावलेला होता. झरोका विटांनी बुजवून वर सिमेंट फिरवलेलं, दाराच्या फटीला रबराची पट्टी ठोकलेली. एसी बंदच होता. तिकडे उन्हाळ्यात विजेचा दाब इतका कमी असतो की दिवा मिणमिणतो, तिथे एसी कुठला चालणार. खोली आम्ही पहिल्यांदा पाहिली होती त्याहून जास्त तापलेली होती. आबांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. मला तिथे श्वास घेववेना. रागातच बाहेर आले.

"अक्का, तुला बजावलं होतं ना मी? झरोका कोणी बुजवायला सांगितला?"

अक्का रागावली नव्हती, जरा गोंधळली होती. म्हणाली, "तूच ते सांगं. तुना फोन उना व्हता. मंग तुना माणसं उनात. मी पोऱ्याले सांगं, बाईनी सांगेल शे, तिनं ऐकनं पडी. त्यानी सुरतथून हप्ता लावा."

मी तिला समजावून सांगायला लागले. की ते यंत्र असतं, आवाज भरून ठेवतात, ते एकाच वेळी हजार जणांना फोन करतं, मी तेव्हा घरी होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी खूप बोलले. माझं मलाच ते खोटं वाटत होतं. अक्काने सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "पण आवाज ते तुनाच व्हता ना?"

मी म्हटलं, "हो अक्का. आवाज माझाच होता."

ती गोणपाटाचे धागे ओढायला लागली. समोरच्या रस्त्यावर कोणी नव्हतं. माझ्याकडे न बघता ती सावकाश बोलली.

"आबा जाईसन आठ दिन व्हयेल व्हतात. तवय तुना फोन उना. तू इचारं, घर कसं शे. मी सांगं, घर सूनं व्हई गयं माय, आबा गयात. मंग तू जराशी गप बसनी. माले वाटनं, तुले बी वाईट वाटनं. मंग तू म्हणनी, एक दाबा."

अक्काने धागा तोडला.

"मी दाबी दिधं."